बहुरूपी नट पॉल म्युनी

मंडळी, पूर्वी सुगी आटोपली की गावात बहुरूपी यायचा. आज खाकी डगला चढवून फौजदार झाला, तर उद्या मुंडावळ्या बांधून "लग्नाला चला" म्हणत दारात उभा! पोरे त्याच्या मागे धावत, बायका सुपातून धान्य घालीत. पण त्याचे स्वतःचे तोंड कसे आहे हे विचाराल, तर गावात एकालाही सांगता यायचे नाही. आज ज्या नटाची हकीगत तुमच्यापुढे ठेवायची आहे तो आपल्याकडचा नव्हे, दूर अमेरिकेतल्या हॉलिवूडचा. पण जातिवंत बहुरूपी. त्याचे नाव पॉल म्युनी.

तुमच्यापैकी पुष्कळांनी हे नाव ऐकले नसेल, आणि त्यात नवल नाही. १९३६-३७ च्या सुमारास हा माणूस अमेरिकेतल्या पहिल्या प्रतीच्या नटांत गणला जात होता. आज त्याच्या देशातसुद्धा जुन्या चित्रपटांचे शौकीन सोडले, तर फारसे कोणी त्याची आठवण काढीत नाही. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर हॉलिवूडचा त्या वेळचा व्यवहार थोडा पाहिला पाहिजे.

हॉलिवूड हा लॉस एंजलिस शहराचा एक भाग. १९३० च्या आसपास तिथल्या पाच-सात मोठ्या कंपन्या साऱ्या जगाला चित्रपट पुरवीत होत्या. नट-नट्या त्यांच्याकडे वर्षांच्या कराराने बांधलेल्या असत. कंपनीचे भांडवल म्हणजे नटाचा चेहरा. गॅरी कूपरचे चित्र पाहायला जाणारा माणूस गॅरी कूपरलाच पाहायला जाई. मग तो शिपाई झालेला असो की गुराखी. त्याची चाल तीच, हसणे तेच, आणि लोकांना तेच हवे असे. व्यापाराच्या दृष्टीने यात काही चूक नव्हती. एकदा मालावर छाप बसली की दरवेळी नवी जाहिरात कशाला? पॉल म्युनी अशा बाजारात आला आणि म्हणाला, माझा चेहरा मी तुम्हाला देणार नाही, दरवेळी वेगळा माणूस देईन.

हे खूळ त्याच्या डोक्यात आले कुठून? तर बालपणातून. त्याचा जन्म २२ सप्टेंबर १८९५ चा, लेंबर्ग शहरातला. हे शहर तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. पुढे ते पोलंडकडे गेले, मग सोव्हिएत संघाकडे, आणि आज ते युक्रेनमध्ये ल्विव्ह या नावाने नांदते आहे. गावसुद्धा बहुरूपीच म्हणा! पोराचे खरे नाव मेशिलेम मायर वाइझेनफ्रॉइंड. घरात लाडाने मुनी म्हणत. आईबाप दोघेही फिरत्या नाटक मंडळीतले, धर्माने ज्यू, आणि नाटके यिडिश भाषेतली. यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांची घरची बोली. तिचे नाते जर्मनशी, पण लिपी मात्र हिब्रू. १९०२ च्या सुमारास हे कुटुंब अमेरिकेत आले. त्या काळी लक्षावधी ज्यू छळाला आणि दारिद्र्याला कंटाळून तिकडे जात होते. दिवसभर कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर मान मोडायची आणि रात्री चार पैसे टाकून आपल्या भाषेतले नाटक पाहून रडून घ्यायचे, असा त्यांचा क्रम. त्यांच्यासाठी क्लीव्हलँड, शिकागो, न्यूयॉर्क अशा शहरांतून ही नाटके चालत.

अशाच एका नाटकात बारा वर्षांचा मुनी पहिल्यांदा रंगभूमीवर उभा राहिला. भूमिका कसली? ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याची! आपल्याकडच्या नाटक मंडळ्यांत मिसरूड न फुटलेली पोरे स्त्रीपार्ट करीत. तिथे या पोराच्या वाट्याला म्हातारे आले. दाढी चिकटवायची, कपाळावर सुरकुत्यांच्या रेघा ओढायच्या, कंबरेत वाकून चालायचे, आवाज थकवायचा. हे काम त्याला असे साधले की पुढे कित्येक वर्षे तो म्हातारेच करीत राहिला. रंगभूषा त्याने कुणाकडून करवून घेतली नाही, स्वतः आरशापुढे बसून शिकला. तुम्ही शिक्षक असाल, तर तुमच्या ध्यानात येईल की बारा वर्षांच्या मुलाला रोज रात्री म्हातारा व्हायला लावले, तर तो एक गोष्ट फार लवकर शिकतो. लोक टाळ्या वाजवतात त्या आपल्याला नव्हे, आपण जो झालो आहोत त्याला. मुळात हा मुलगा लाजाळू, माणसांत फारसा न मिसळणारा. फिडल वाजवायचा छंद, तोही एकट्यानेच. दाढीमागे लपल्यावर मात्र त्याला कुणाचीच भीती वाटत नसे.

पुढे न्यूयॉर्कला मॉरिस श्वार्ट्झ या नामांकित नट-चालकाच्या यिडिश आर्ट थिएटरात त्याने काही वर्षे काम केले. १९२१ साली बेला फिंकेल या नटीशी त्याचे लग्न झाले. या बेलाबाईंची गाठ आपल्याला पुन्हा पडणार आहे. इंग्रजी भाषेत त्याने पहिले नाटक केले ते १९२६ साली, म्हणजे वयाच्या एकतिसाव्या वर्षी. तीही भूमिका म्हाताऱ्याचीच. मग बोलपटांचे युग आले. मुक्या चित्रपटांतल्या कित्येक नटांना बोलता येत नव्हते, म्हणून कंपन्या रंगभूमीवरचे नट शोधू लागल्या. फॉक्स कंपनीने त्याला उचलले, लांबलचक नाव कापून 'पॉल म्युनी' केले आणि १९२९ साली त्याची दोन चित्रे काढली. पहिल्या चित्राबद्दल ऑस्कर पारितोषिकासाठी त्याचे नाव पुढे आले. दुसऱ्याचे नाव होते 'सेव्हन फेसेस', म्हणजे सात चेहरे, आणि त्यात त्याने एकट्याने सात भूमिका केल्या. त्यांत एक नेपोलियनचीही होती. या दुसऱ्या चित्राची एकही प्रत आज शिल्लक नाही. कंपनीला वाटले, हा चेहरे बदलण्याचा खेळ बरा आहे, जत्रेतल्या जादूगारासारखा दाखवीत राहू. म्युनीला ते रुचेना. तो सरळ न्यूयॉर्कला परतला आणि नाटकात काम करू लागला.

त्याला परत आणले ते १९३२ सालच्या दोन चित्रांनी. पहिले 'स्कारफेस'. शिकागोत दारूबंदीच्या काळात चोरटी दारू विकून मातलेल्या एका गुंडाची ही कथा. अल कपोन या खऱ्या गुंडावरून बेतलेली. त्याबद्दल फार सांगत नाही. दुसऱ्या चित्रासाठी मात्र जरा थांबले पाहिजे. कारण माझ्या मते म्युनीचे सगळ्यांत मोलाचे काम ते आहे, आणि गंमत म्हणजे त्यात त्याने कसलेही सोंग घेतलेले नाही.

रॉबर्ट बर्न्स नावाचा एक सैनिक पहिल्या महायुद्धातून घरी आला. काम मिळेना. भटकत भटकत तो जॉर्जिया राज्यात पोचला आणि १९२२ साली एका दुकानावरच्या दरोड्यात सापडला. लुटीची रक्कम सहा डॉलरसुद्धा नव्हती. शिक्षा मात्र सक्तमजुरीची, आणि तीही 'चेन गँग'मध्ये, म्हणजे साखळदंडाच्या टोळीत. तिथे कैद्यांच्या पायांत बेड्या, बेड्यांना साखळी, आणि पहाटेपासून काळोख पडेपर्यंत रस्त्यासाठी खडी फोडायची. घाम पुसायलासुद्धा पहारेकऱ्याची परवानगी. काम थांबले की चाबूक. बर्न्स तिथून पळाला, शिकागोत जाऊन त्याने स्वतःचे मासिक काढले, प्रतिष्ठित झाला. पुढे पत्ता लागला. थोडे दिवस शिक्षा भोग, मग माफी देऊ, असे त्याला सांगण्यात आले. त्या शब्दावर विसंबून तो १९२९ साली आपण होऊन परतला. शब्द पाळला गेला नाही. १९३० साली तो दुसऱ्यांदा पळाला आणि लपून राहून त्याने आपली हकीगत लिहिली.

वॉर्नर ब्रदर्स कंपनीने त्या हकीगतीवर 'आय ॲम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग' हे चित्र काढले. दिग्दर्शक मर्विन लरॉय. पुस्तकाच्या नावात 'जॉर्जिया' हा शब्द होता, तो कंपनीने काढून टाकला. पण प्रेक्षकांना ओळखायला वेळ लागला नाही. फरारी बर्न्स नाव बदलून स्टुडिओत आला होता. म्युनी त्याला भेटला आणि त्याची चाल, त्याचे बोलणे त्याने नीट पाहून घेतले.

चित्र पाहिलेत तर तुमच्या ध्यानात येईल की इथे दाढी नाही, मिशा नाहीत, कुबड नाही. साधा तरुण आहे, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत बदलत जातो. युद्धातून येताना त्याची छाती पुढे असते. इंजिनियर व्हायचे, पूल बांधायचे, असे मनात असते. बेड्या पडल्यावर त्याची पावले बदलतात. एक धिप्पाड निग्रो कैदी घणाचे घाव घालून त्याच्या बेड्या वाकवतो, तेव्हा प्रत्येक घावाला तोंडातून आवाज काढायचा नाही म्हणून तो जे ओठ आवळतो, ते पाहताना आपलेच पाय आखडतात. बेड्या काढल्यावर, मोठा माणूस झाल्यावरसुद्धा त्याची मान सारखी मागे वळते. आणि शेवट. दुसऱ्यांदा पळालेला तो रात्रीच्या अंधारात आपल्या प्रेयसीला क्षणभर भेटायला येतो. ती विचारते, तू पोट कसे भरतोस? तो अंधारात मागे मागे सरतो, चेहरा दिसेनासा होतो आणि काळोखातून उत्तर येते की मी चोरी करतो. चित्र तिथेच संपते. ज्याने चोरी मनापासून केली नव्हती, त्याला कायद्याने चोर केले, एवढे सांगायला लेखकाला एक ओळ पुरली आणि नटाला अंधारात मागे सरणारी चार पावले.

या चित्राचा परिणाम पडद्यापुरता राहिला नाही. वर्तमानपत्रांतून चर्चा सुरू झाली. जॉर्जियातल्या एका तुरुंगाधिकाऱ्याने कंपनीवर फिर्याद लावली. बर्न्स त्याच वर्षी डिसेंबरात न्यूजर्सी राज्यात पकडला गेला, तेव्हा तिथल्या गव्हर्नरने त्याला जॉर्जियाच्या स्वाधीन करायला नकार दिला. पुढे १९४३ साली एलिस आर्नल हा जॉर्जियाचा गव्हर्नर झाल्यावर ती पद्धत बंद करण्यात आली, आणि १९४५ साली बर्न्सची शिक्षा संपली. हे सगळे एका चित्राने केले, असे म्हणणे अर्थात अतिशयोक्तीचे होईल. अनेक माणसे त्यासाठी झगडत होती. पण साखळदंड म्हणजे काय ते ज्यांनी कधी पाहिले नव्हते, त्यांना ते दिसले या चित्रात.

या यशानंतर वॉर्नर कंपनीने म्युनीला हॉलिवूडात दुर्मिळ असा करार दिला. कथा पसंत पडली तरच चित्र करायचे, आणि मधूनमधून नाटकात जायची मोकळीक. एका चित्रात तो कोळशाच्या खाणीतला मजूर झाला, एकात मेक्सिकन वकील. भूमिका मिळाली की तो कित्येक आठवडे त्या माणसाबद्दल मिळेल ते वाचून काढी. आपले संवाद यंत्रावर मुद्रित करून पुन्हा पुन्हा ऐके. आणि चित्रण चालू असताना बेलाबाई कॅमेऱ्याच्या मागे बसलेल्या असत. दृश्य संपले की म्युनी दिग्दर्शकाकडे पाहायच्या आधी त्यांच्याकडे पाही. त्यांनी मान हलवून नाही म्हटले, की पुन्हा सगळे पहिल्यापासून. दिग्दर्शकांना हे किती गोड वाटत असेल, ते तुम्हीच ताडा!

१९३६ साली त्याचे 'लुई पाश्चर' हे चित्र आले. दाढीवाला एक फ्रेंच शास्त्रज्ञ, जंतू, काचेच्या नळ्या... यात पाहायचे काय, असे कंपनीला वाटत होते. म्हणून तिने पैसा बेतानेच दिला. दुसऱ्या चित्रांचे देखावे पुन्हा वापरले. चित्र निघाले आणि ते चालले. म्युनीला त्याबद्दल उत्तम नटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले.

शेतकरी मंडळींना या चित्रातला मेंढ्यांचा प्रसंग आवडेल. गुरामेंढरांना फाशी नावाचा रोग होतो, काही जण त्याला काळपुळी म्हणतात. सकाळी उभे असलेले जनावर संध्याकाळी आडवे. पाश्चरने १८८१ च्या मे महिन्यात पुई-ल-फोर या खेड्यात सर्वांसमक्ष पैज मांडली. पंचवीस जनावरांना लस टोचली, पंचवीस तशीच ठेवली, आणि नंतर सगळ्यांना रोगाचे जंतू टोचले. जूनच्या आरंभी लोक पाहायला जमले, तर लस न टोचलेल्या मेंढ्या मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या, आणि टोचलेल्या चरत होत्या. चित्रात म्युनीचा पाश्चर हे पाहतो तेव्हा नाचत नाही की ओरडत नाही. थकलेल्या शेतकऱ्याने पहिला पाऊस पाहावा, तसा तो पाहतो.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची लसही याच पाश्चरची. १८८५ च्या जुलैत जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ती त्याने प्रथम टोचली, आणि मुलगा वाचला. तेही चित्रात आहे. आपला या कथेशी संबंध नाही असे समजू नका. पाश्चरच्या पॅरिसमधल्या संस्थेत काम केलेला वाल्डेमार हाफकिन हा शास्त्रज्ञ १८९६ साली प्लेगच्या साथीत मुंबईत आला, आणि त्याने प्लेगची लस तयार करून १८९७ च्या जानेवारीत ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची.

शिक्षकांना इथे एक सुचवावेसे वाटते. हे चित्र वर्गाला दाखवायचे झाले, तर आधी खरा इतिहास वाचून ठेवा. चित्रात बादशहा तिसरा नेपोलियन पाश्चरला पॅरिसबाहेर घालवतो. प्रत्यक्षात त्या बादशहाने पाश्चरला मदतच केली होती. पाश्चरला पावलोपावली अडवणारा चित्रातला डॉक्टर शार्बोने हाही कथेसाठी कल्पिलेला माणूस आहे. मुलांनाच शोधायला लावा, कुठे खरे आणि कुठे रचलेले. एक तास चांगला रंगेल.

यानंतर १९३७ साली दोन चित्रे आली. दोन्ही गाजली, आणि दोन्हींत म्युनीच्या बहुरूपीपणाचा दुसरा एक प्रश्न दडलेला आहे.

पहिले 'द गुड अर्थ', पर्ल बक यांच्या कादंबरीवरचे. वांग लुंग हा गरीब चिनी शेतकरी आणि ओ-लान ही त्याची बायको. लग्नाच्या दिवशी त्याने खाऊन टाकलेली पीच फळाची कोय ती मुकाट्याने उचलते आणि अंगणात पुरते. दुष्काळ पडतो, घरात दाणा राहत नाही. तरी जमीन विकायची नाही, असे ती दोघे ठरवतात. शहरात जाऊन भीक मागतात, परत येतात, श्रीमंत होतात, आणि मग टोळधाड येते. टोळांचा तो काळा ढग आणि डबे वाजवीत, आगी पेटवीत धावणारी माणसे पाहिली, की हे चित्र परक्या देशातले आहे, हे आपण विसरतो. म्युनीने या भूमिकेसाठीही खूप मेहनत घेतली होती. पण खरे सांगायचे तर तो मला इथे चिनी शेतकरी वाटत नाही. चिनी शेतकऱ्याचे सोंग घेतलेला कसबी नट वाटतो.

आणि त्याच्या मागे एक अन्याय होता. अॅना मे वाँग नावाची चिनी वंशाची नामांकित नटी तेव्हा हॉलिवूडात होती. जन्मच तिचा लॉस एंजलिसचा. ओ-लानची भूमिका आपल्याला मिळावी, ही तिची फार इच्छा. पण नवऱ्याचे काम करणारा नट गोरा, आणि गोऱ्या नटाची पत्नी म्हणून दुसऱ्या वंशाची स्त्री पडद्यावर दाखवायची नाही, अशी त्या वेळच्या चित्रपट-नियमांची आडकाठी! मग ओ-लान झाली लुइझे रायनर, युरोपातून आलेली गोरी नटी, आणि तिला त्याबद्दल ऑस्करही मिळाले. काम तिने चांगले केले, हे कबूल केले पाहिजे. वाँगला देऊ केलेली भूमिका होती ती संसारात विष कालवणाऱ्या दुसऱ्या बाईची. ती तिने नाकारली, आणि १९३६ साली ती आपल्या वाडवडिलांचा चीन देश पाहायला निघून गेली. गोऱ्या नटाला साऱ्या जगाची सोंगे घेण्याची मुभा, आणि चिनी नटीला चिनी बाईचेही काम नाही, असा तो न्याय होता. यात म्युनीचा वैयक्तिक दोष किती, हे ठरवणे कठीण. पण त्याचे सोंग त्या व्यवस्थेला फार सोयीचे पडले.

दुसरे चित्र 'द लाइफ ऑफ एमिल झोला'. फ्रान्समध्ये १८९४ साली आल्फ्रेड ड्रेफस या लष्करी अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आळ आला आणि त्याला दूरच्या बेटावर डांबण्यात आले. तो ज्यू होता, आणि ज्यूद्वेष हे त्या प्रकरणाचे मूळ. खरा गुन्हेगार कळल्यावरही सेनापती गप्प राहिले. तेव्हा कादंबरीकार झोलाने १३ जानेवारी १८९८ रोजी वर्तमानपत्रात राष्ट्राध्यक्षांना उघड पत्र लिहून एकेका अधिकाऱ्याचे नाव घेऊन आरोप केले. त्याबद्दल त्याच्यावरच खटला झाला, शिक्षा झाली आणि त्याला इंग्लंडात पळावे लागले. म्युनीचा झोला न्यायालयात पंचांपुढे जे भाषण करतो, ते या चित्राचे शिखर. जवळजवळ एकाच जागी उभा राहून, चष्म्याशी चाळा करीत तो बोलतो. पोट सुटलेला, घाम पुसणारा, थोडा चिडखोर म्हातारा. आणि तरी त्याच्यावरून नजर हलत नाही. चित्राला त्या वर्षाचे सर्वोत्तम म्हणून ऑस्कर मिळाले.

आता ऐका. या दोन तासांच्या चित्रात 'ज्यू' हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही. अधिकाऱ्यांच्या यादीवरून एक बोट फिरते, ड्रेफसच्या नावापाशी थांबते, तिथे धर्माच्या रकान्यात तो शब्द लिहिलेला क्षणभर दिसतो. बस्स. जर्मनीत हिटलरचा अंमल सुरू होऊन चार वर्षे झाली होती. काय चालले आहे, ते हॉलिवूडला ठाऊक होते. पण स्टुडिओंना वाद नको होता. त्यांचे बहुतेक मालक स्वतः ज्यू, आणि म्हणूनच अधिक घाबरलेले. आणि पडद्यावर त्या ड्रेफससाठी कंठशोष करणारा नट कोण? यिडिश रंगभूमीवर वाढलेला, लेंबर्गच्या ज्यू घराण्यातला मुनी वाइझेनफ्रॉइंड! फ्रेंच दाढी लावून तो सत्यासाठी गर्जत होता, पण ज्या शब्दावाचून ते सत्य अपुरे, तो शब्द त्याच्या तोंडी घातलेला नव्हता.

पुढचे लवकर सांगतो. १९३९ साली त्याने मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेझ साकारला. या भूमिकेसाठी चेहरा इतका बदलला, की कंपनीचे मालक कुरकुरले म्हणतात, या माणसाला एवढा पैसा मोजायचा आणि तो ओळखूही यायचा नाही, याला काय अर्थ? टीकाकारही म्हणू लागले की दाढीमागे माणूस हरवला. मला त्यात तथ्य वाटते. हुआरेझ पाहताना आपण मान डोलावतो, पण साखळदंडातल्या त्या तरुणासाठी जीव तुटतो तसा तुटत नाही. कंपनीशी कथांवरून खटके उडाले आणि १९४० साली करार संपला. त्याने नाकारलेली एक भूमिका हंफ्री बोगार्टने केली आणि तो त्यातून वर आला. हा बोगार्ट कुठेही जा, बोगार्टच दिसायचा. बाजाराने आपला कौल दिला.

म्युनी रंगभूमीकडे वळला. १९४१ ते १९४४ या जर्मन अमलात त्याच्या जन्मगावातले जवळजवळ सगळे ज्यू मारले गेले होते. १९४६ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला 'अ फ्लॅग इज बॉर्न' हे नाटक लागले. छळछावणीतून जिवंत सुटलेला, पॅलेस्टाइनला निघालेला एक थकलेला ज्यू म्हातारा, ही म्युनीची भूमिका. झोलाच्या चित्रात जे बोलता आले नव्हते, ते इथे आडपडदा न ठेवता बोलायचे होते. त्याच्याबरोबर एक बावीस वर्षांचा नवखा नट होता, मार्लन ब्रँडो. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही ब्रँडो सांगत असे की म्युनीसारखा अभिनय आपण दुसरा पाहिला नाही.

१९५५ च्या एप्रिलमध्ये 'इनहेरिट द विंड' हे नाटक आले. इथे शिक्षकांनी कान टवकारावेत, कारण कथा एका शिक्षकाची आहे. टेनेसी राज्यात १९२५ साली जॉन स्कोप्स या शाळामास्तरावर, वर्गात डार्विनचा उत्क्रांतिवाद शिकवला, म्हणून खटला भरण्यात आला होता. त्याच्या बाजूने उभा राहिला क्लॅरेन्स डॅरो हा नामांकित वकील. नाटकात नावे बदलली आहेत, पण म्युनीची भूमिका या डॅरोवरून बेतलेली. नाटक धो धो चालले असताना त्याची डावी दृष्टी अंधुक होऊ लागली. डॉक्टरांनी तपासले तर डोळ्यात गाठ. ऑगस्टअखेर त्याने काम सोडले, डोळा काढावा लागला. वय साठ. ज्या माणसाने आयुष्यभर आरशापुढे बसून चेहरे रंगवले, त्याला आता आरशात पाहायला एकच डोळा उरला. डिसेंबरात तो त्याच रंगभूमीवर परत आला आणि तीच भूमिका करू लागला. १९५६ साली त्याला रंगभूमीचे टोनी पारितोषिक मिळाले.

शेवटचे चित्र १९५९ चे, 'द लास्ट अँग्री मॅन'. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या गरीब वस्तीत चाळीस-पंचेचाळीस वर्षे रोगी तपासणारा, फी बुडवणाऱ्यांवर ओरडणारा आणि रात्री-अपरात्री त्यांच्याच घरी धावणारा म्हातारा ज्यू डॉक्टर त्याने उभा केला. ऑस्करसाठी पुन्हा नाव आले, पारितोषिक मिळाले नाही. बाराव्या वर्षापासून म्हातारे रंगवीत आलेल्या या नटाला या खेपेस म्हातारपण रंगवावे लागले नाही. तीस वर्षांत जेमतेम बावीस-तेवीस चित्रे करून तो बाजूला झाला. दृष्टी आणि प्रकृती खालावत गेली. कॅलिफोर्नियातल्या माँटेसिटो या गावी २५ ऑगस्ट १९६७ रोजी, एकाहत्तराव्या वर्षी, तो वारला. बेलाबाई तेव्हा हयात होत्या.